तेच चाक पुन्हा पुन्हा पंक्चर होतंय? कंट्री लेनवरचं फेब्रुवारी-मार्चमधलं दुखणं

इंग्लंडात फेब्रुवारी संपत आला की तक्रार ठरलेली. सकाळी सातच्या आत उजाडायला लागतं, पारा तीन-चार अंशांवर असला तरी आभाळ मोकळं दिसतं, म्हणून हिवाळाभर गॅरेजात पडलेली सायकल बाहेर निघते. गावाबाहेरच्या अरुंद लेनवर आठ-दहा मैल होतात न होतात तोच मागचं चाक बसतं. ट्यूब बदलून पुढे निघावं तर मैलभरात तीही बसते. कधी घरापर्यंत सगळं ठीक असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर रिमवर टेकलेला सापडतो. गंमत म्हणजे हेच टायर जून ते सप्टेंबर एका शब्दाने कुरकुरत नाहीत.

बहुतेक जण यावर एकच उपाय करतात: ट्यूब भिकार निघाली म्हणायचं आणि नवी आणायची. ट्यूबचा बिचारीचा काही दोष नसतो. लागोपाठ होणाऱ्या दुसऱ्या पंक्चरला सहसा नवं कारण लागत नाही. पहिल्याचंच कारण टायरमध्ये बसून राहिलेलं असतं. ते शोधून काढल्याशिवाय कितीही ट्यूबा घाला, त्या जातच राहणार.

इथे जे लिहितोय ते मुख्यतः चिल्टर्न्सच्या टेकड्यांना धरून आहे, म्हणजे हेन्ली, मार्लो आणि वॉटलिंग्टन यांच्या मधला मुलूख. रेडिंग, स्लाउ, मेडनहेडकडच्या मराठी मंडळींना रविवारी फिरायला हाच जवळ पडतो. हॅम्बल्डनहून स्कर्मेट, फिंगेस्ट करत टर्व्हिलला जाणारा रस्ता तर रमतगमत सायकल चालवायलाच केल्यासारखा आहे. १९८९ पासून इथे पुन्हा आणून सोडलेल्या लाल घारी डोक्यावर घिरट्या घालत असतात आणि मान आपोआप वर जाते. या दोन महिन्यांत मात्र नजर खाली ठेवलेली बरी.

याच दिवसांत का?

लेनच्या दोन्ही बाजूंना जी कुंपणाची झाडी असते ती बहुतेक हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्नची. दोन्ही काटेरी. शेतकरी ती ट्रॅक्टरला जोडलेल्या फिरत्या पात्यांच्या यंत्राने छाटतात. हे यंत्र कात्रीसारखं कापत नाही, फांद्या ठेचून भुगा उडवतं, आणि त्या भुग्यात काट्यांचे सुटे तुकडे असतात. इंग्लंडात १ मार्च ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीसाठी शेतातली कुंपणं छाटायला मनाई आहे. पूर्वी ही अट शेतीच्या अनुदानाला बांधलेली होती, २०२४ पासून तिचा स्वतंत्र नियम झाला. रस्त्यावरची नजर अडत असेल वगैरे काही कारणांना सूट आहे, पण एरवी मुदत म्हणजे मुदत. शिवाय झाडीवरची लाल-काळी फळं थंडीत पक्ष्यांना खाता यावीत म्हणून बरेच शेतकरी छाटणी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लांबवतात. परिणामी सगळं काम शेवटच्या काही आठवड्यांत उरकलं जातं आणि नेमकं तेव्हाच आपण सायकल पुसून बाहेर काढतो.

दोन्ही झाडं ओळखता आली तर उपयोग होतो. मार्च-एप्रिलमध्ये पानं नसताना पांढऱ्या फुलांनी भरलेली झाडी दिसली की ती ब्लॅकथॉर्न. हॉथॉर्नला आधी पालवी फुटते, फुलं थेट मे महिन्यात. ब्लॅकथॉर्नचा काटा लांब, काळपट आणि भलता टणक. आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यावर सायकल शिकलेल्या माणसालाही तो मान खाली घालायला लावतो.

दुसरा गुन्हेगार दगड. चिल्टर्न्सच्या टेकड्या खडूच्या खडकाच्या आहेत आणि त्या खडूत चकमकीचे गोटे असतात. गोटा फुटला की त्याची कपची सुरीसारखी धारदार निघते. अश्मयुगातली हत्यारं याच दगडाची होती हे आठवलं तर टायरची दया येईल. हिवाळ्याच्या पावसात उतारावरची माती वाहून लेनवर येते आणि तिच्याबरोबर या कपच्याही येतात. त्यात ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं, कारण पाणी तिथे वंगणाचं काम करतं. शिवाय ओल्या टायरला कपची चिकटून राहते आणि चाकाच्या दर फेऱ्याला थोडी थोडी आत जाते. रात्री पाऊस होऊन गेलेल्या सकाळी पंक्चर जास्त होतात ते यामुळे.

तिसरं कारण खड्डे. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि डांबर उखडतं. फेब्रुवारीअखेर जे खड्डे दिसतात ते नोव्हेंबरमध्ये नव्हते. डबकं साचलेलं असलं की खोली कळत नाही, म्हणून डबक्यातून सायकल घालण्याची हौस उन्हाळ्यापुरती ठेवावी.

भोक कुठे आहे ते आधी बघा

रोगाचं निदान ट्यूबवरच लिहिलेलं असतं, फक्त ती घाईघाईने गुंडाळून पिशवीत कोंबायची नाही. त्यासाठी एक सवय घरीच लावून घ्या: टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हच्या समोर आणायचं. हे शोभेसाठी नाही. ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते कळलं की टायरवरची जागाही तितक्याच अंतरावर सापडते. ट्यूब उलटीसुलटी धरली गेली असेल, म्हणून दोन्ही बाजूंना तेवढं अंतर तपासायचं. अख्खा टायर चाचपण्यापेक्षा वितभर जागा चाचपणं केव्हाही सोपं.

काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरून ती दुप्पट फुगू द्या आणि ओठांजवळून फिरवा. बोटं गारठलेली असतात तेव्हा त्यांना बारीक झुळूक कळत नाही, ओठांना कळते. घरी असाल तर आपला जुना मार्ग आहेच, घमेल्यात पाणी घेऊन बुडबुडे बघायचे.

भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला, आणि एकच बारीक टोचल्यासारखं असेल तर काटा किंवा कपची. फेब्रुवारी-मार्चमध्ये बहुधा हेच निघतं. त्याचं पुढे सविस्तर सांगतो.

शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या, दिसल्या तर काटा शोधण्यात वेळ घालवू नका. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटून ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली गेली आहे. म्हणजे हवा कमी होती.

भोक आतल्या अंगाला, रिमकडे असेल तर रस्त्याचा संबंधच नाही. रिमवरची पट्टी सरकून एखाद्या स्पोकचं भोक उघडं पडलेलं असतं, किंवा स्पोकचं टोक वर आलेलं असतं. पट्टी बदला, प्रश्न मिटला. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर छोट्या पंपाने हवा भरताना व्हॉल्व्ह हिसकला जातोय, किंवा फार कमी हवेवर चालवल्याने टायर रिमवर हळूहळू सरकून ट्यूबला ओढतोय. तिथे ठिगळ टिकत नाही, ट्यूब टाकून द्यावी.

आणि भोक सापडलंच नाही तर? व्हॉल्व्हचा आतला भाग फिरकीचा असेल तर तो सैल झालाय का बघा, थुंकी लावली की बुडबुडा येतो. तोही ठीक असेल तर ट्यूब फुगवून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी मऊ पडली तर भोक आहेच, पाण्यात धरून शांतपणे शोधा.

काटा सापडत नाही

खरी मेख इथे आहे. काटा टायरमध्ये घुसतो, बाहेरचं टोक रस्त्यावर घासून मोडतं, आणि उरलेला दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा रबराच्या जाडीत बसून राहतो. वरून काही दिसत नाही. हवा नसताना टायर सैल असतो, तेव्हा आतून हात फिरवला तरी लागत नाही. नवी ट्यूब घालून हवा भरली आणि सायकलवर माणूस बसला की टायर दबतो, काट्याचं टोक आत डोकावतं, ट्यूबला टोचतं, पुन्हा मागे जातं. ‘मैलभरात पुन्हा बसली’ याचा अर्थ हा.

शोधायची पद्धत अशी. वर सांगितल्याप्रमाणे ट्यूबवरून टायरची जागा ठरवा. तिथे टायर दोन्ही हातांनी उलटा वाकवा, म्हणजे आतली बाजू फुगून वर येईल आणि टोक उघडं पडेल. आतून बोट फिरवण्यापेक्षा कापसाचा बोळा किंवा जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा फिरवा. बारकं टोकही त्याचे धागे अडकवतं. बोटापेक्षा हे बरं याला दुसरंही कारण आहे. ब्लॅकथॉर्नचं टोक बोटात मोडलं तर जागा चांगलीच सुजते, आणि सांध्याजवळ रुतलं तर ती सूज आठवडेच्या आठवडे राहू शकते. तसं झालं तर हळद लावून वाट बघत न बसता डॉक्टरांना दाखवा.

टोक सापडलं की चिमट्याने आतूनच ओढा. चिमटा नसेल तर टायरच्या बाहेरून टाचणीने आत ढकला आणि आतून पकडा. मग खात्री करा की पूर्ण निघालं. अर्धं निघून अर्धं राहणं ही काट्याची जातकुळीच आहे. आणि एक सापडला म्हणून थांबू नका. छाटलेल्या झाडीवरून गेलेल्या टायरमध्ये काटा एकटा क्वचितच असतो.

चकमकीच्या कपचीला वेगळी नजर लागते. ती टायरच्या बाहेरून, छोट्या चिरेत रुतून बसलेली असते. हवा सोडून टायर वाकवला की चिरा तोंड उघडतात. प्रत्येक चीर टाचणीने खरवडायची. कंटाळवाणं काम आहे, पण चहा घेत स्वयंपाकघरात वीस मिनिटांत होतं, आणि पुढच्या रविवारची कटकट वाचते. चीर आरपार असेल आणि त्यातून ट्यूब फुगून डोकावत असेल तर आतून आधार द्यावा लागतो. जुन्या टायरचा तुकडा सर्वांत चांगला. रस्त्यात काहीच नसलं तर पाच पौंडांची नोट घडी करून घाला. २०१६ पासून ती प्लास्टिकची आहे, भिजत नाही आणि घरापर्यंत सहज टिकते. बँकेला सांगायची गरज नाही.

तीन अंशात, रस्त्याच्या कडेला

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला पंक्चर म्हणजे नाक्यापर्यंत सायकल ढकलत नेणं एवढंच माहीत असतं. पुढचं पंक्चरवाला बघून घेतो. इथल्या गावात चर्च असेल, पब असेल (तोही सकाळी बंद), पंक्चरवाला नसतो. आणि चालवताना अंगात आलेली ऊब थांबल्यावर पाच मिनिटांत उतरते, घामाने ओला झालेला आतला कपडा बर्फासारखा लागतो. वीस किलोमीटरच्या वेगाने तीन अंशांत चालवताना उघड्या चेहऱ्याला उणे एक-दीडसारखं वाटत असतं, त्यामुळे हात आधीच बधिर झालेले असतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. लेनच्या वळणावर थांबू नका, शेताच्या फाटकाशी जिथे जागा असते तिथपर्यंत ढकलत न्या. सायकलला हात लावायच्या आधी पिशवीतलं जाकीट अंगावर चढवा. थंडी वाजायला लागल्यावर घातलं तर उशीर झालेला असतो. पंक्चरच्या पिशवीत दवाखान्यात वापरतात तसले पातळ नायट्राइलचे हातमोजे एक जोडी टाकून ठेवा. बोटांना काम करता येतं, वारा लागत नाही, साखळीचं काळं घरच्या पांढऱ्या भिंतीपर्यंत जात नाही.

रस्त्यात पंक्चर काढत बसायचं नाही, ट्यूब बदलायची. सोल्युशन थंडीत लवकर सुकत नाही, आणि बिनसोल्युशनची चिकट ठिगळं गार, दमट ट्यूबला धड धरत नाहीत. दोन ट्यूबा बरोबर असाव्यात. एकच असेल आणि काटा राहिला असेल तर पुढचा प्रवास फोनवर बायकोची किंवा नवऱ्याची मनधरणी करत होतो.

थंडीत टायर ताठर होतो आणि शेवटची वीतभर कड रिममध्ये बसता बसत नाही. जोर लावून लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) घुसवली की नवी ट्यूब चिमटते. त्याऐवजी व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूपासून सुरुवात करून टायरची कड दोन्हीकडून रिमच्या मधल्या खोलगट खाचेत दाबत दाबत व्हॉल्व्हपाशी या. त्या खाचेत रिमचा घेर कमी असतो, त्यामुळे शेवटी जी सैल जागा लागते ती मिळते, आणि तळहातानेच काम होतं.

कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कुप्या अशा वेळी वरदान. १६ ग्रॅमची एक कुपी ३२ मिलिमीटरच्या टायरला पुरते. पण गॅस सुटताना कुपी इतकी थंड होते की उघड्या हाताची कातडी चिकटते, तेव्हा हातमोज्यातूनच धरा. आणि हा गॅस रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. दुसऱ्या दिवशी टायर मऊ दिसला की पुन्हा पंक्चर म्हणून डोक्याला हात लावण्याआधी गॅस सोडून साधी हवा भरून बघा.

घरी ठिगळ लावताना दोनच गोष्टी सांभाळा. ट्यूबवर साच्याची जी बारीक उंच रेघ असते ती पॉलिश पेपरने घासून सपाट करा, नाहीतर ठिगळाखाली त्या रेघेने हवा निसटते. आणि सोल्युशन लावल्यावर ते बोटाला ओलं लागेनासं होईपर्यंत थांबा. ओल्यावर ठिगळ दाबणाऱ्यांची ठिगळं सुटतात.

हवा किती, टायर कुठला

घरात वीस अंशांत ६० पीएसआय भरून सायकल दोन अंशांत नेली की दाब आपोआप साडेचार पीएसआयच्या आसपास उतरतो. ट्यूबला काही झालेलं नसतं, आतली हवा गार होऊन आकसते, इतकंच. त्यात साधी ट्यूब आठवड्याला थोडी हवा तशीही सोडतेच. महिनाभर न बघितलेला टायर खड्ड्याला भेटला की त्या दोन चिरा ठरलेल्या. निघायच्या दिवशीच उभ्या पंपाने मोजून भरा. वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास आणि टायर ३२ मिलिमीटरचा असेल तर ५० ते ६० पीएसआय ठीक. फार कडक भरलं तर काटा थांबत नाहीच, वर ओल्या उतारावर पकड कमी होते.

टायरच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. रमतगमत फिरणाऱ्यांनी या दोन-तीन महिन्यांसाठी जड, जाड टायर लावावेत आणि वेगाचं विसरावं. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये ५ मिलिमीटरचा रबरी थर असतो. चढावर त्याचं वजन जाणवतं, चढवताना अंगठे दुखतात, पण काट्याचा उरलेला तुकडा त्या थरापलीकडे सहसा पोचत नाही. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या मला पटत नाहीत. त्यांची कडच ट्यूबला घासून भोक पाडते.

ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर वापरत असाल तर बारीक काट्यांची भोकं सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतलेला चिकट द्रव, बुजवतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. मात्र सीलंट काही महिन्यांत सुकतं. सप्टेंबरात भरलेलं फेब्रुवारीत असेलच असं नाही, सायकल बाहेर काढायच्या आधी बघून घ्या. आणि एक धोका फारसं कोणी सांगत नाही. मोठी चीर पडून रस्त्यात ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची वेळ आली, तर तोवर सीलंटने गप्प केलेले सगळे काटे आत वाट बघत असतात. ते एकेक उपटल्याशिवाय ट्यूब घातली की ती हवा भरता भरताच जाते.

चालवताना करण्यासारखं एवढंच: रस्त्यावर ताजी पांढरट-हिरवी चिपाडं दिसली की मोटारींच्या चाकांनी साफ झालेल्या पट्ट्यात राहा, कडेला काटे जास्त साचतात. फार दाट असेल तर उतरून सायकल उचला. लाज वाटायचं कारण नाही. पार झाल्यावर थांबून दोन्ही टायर हातमोज्याने पुसा, विशेषतः मागचा. त्याच्यावर वजन जास्त असतं आणि पुढच्या चाकाने आडवा-उभा केलेला काटा त्यालाच लागतो. चालत्या चाकाला हात लावून पुसायची जुनी सायकलवाल्यांची कसरत मागच्या चाकावर करू नका, बोटं फ्रेममध्ये ओढली जातात.

छाटलेला कचरा रस्त्यावर तसाच टाकून कुणाला धोका झाला तर १९८० च्या हायवेज ॲक्टखाली तो गुन्हा ठरू शकतो. त्यावरून ट्रॅक्टरवाल्याशी लेनमध्ये हुज्जत घालण्यात अर्थ नाही. पुष्कळ जण स्वतःहून झाडतात, थोडा वेळ लागतो एवढंच. दोन-चार दिवसांनीही रस्ता तसाच असेल तर जागेचा फोटो काढून तिथल्या काउन्सिलला कळवा. फिक्समायस्ट्रीट या वेबसाइटवर नकाशावर बोट ठेवलं की तक्रार योग्य काउन्सिलकडे जाते, खड्ड्यांसाठीही तेच.